सोबतीला आलेली बहीण

नालवाडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या ताई मोबाइलच्या एका अ‍ॅपवर प्रेमकथा लिहितात. दुपारी शिलाई मशीन थांबली की कुंपणावरून हाक येते, "भाऊ, पयली भेट लिहून झाली, आयका." मग बातम्या वाचाव्यात तशा एका सुरात त्या वाचतात.

मुलगा-मुलगी केळझरच्या गणपतीला भेटतात, नाहीतर वर्ध्यातल्या एखाद्या हॉटेलात. आणि दर कथेत मुलीसोबत तिची मोठी बहीण येते. निम्मे आलूबोंडे तीच खाते, पोराला नोकरीचं तीच विचारते. अ‍ॅपवरचे वाचक वैतागतात. एकदा मीही म्हटलं, "ताई, त्या बहिणीला घरी ठेवा ना."

"पोरीले एकटीले कोन पाठवते, भाऊ? आमच्या घरच्या सगळ्या पोरींसंग मीच तं गेलती."

ताईंचं लग्न झालेलं नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा हाक आली. या वेळी कथेत बहीण नव्हती. मुलगा-मुलगी दोघंच हॉटेलात बसतात, चहा मागवतात आणि गप्प राहतात. शेजारच्या टेबलावर एक बाई एकटीच आलूबोंडा खात असते.

मी ताईंकडे पाहिलं. त्या मोबाइलवर बोट फिरवत होत्या.

"थांबा, त्या बाईची खुर्ची फिरवून देते," त्या म्हणाल्या. "तिची पाठ झाली का मंग बोलतीन ते दोघं."