रुमालाची जागा

आमच्याकडं एसटीत जागा धरायची रीत लहान पोरांनाही ठाऊक असते. गाडी फलाटाला लागता लागता खिडकीतून रुमाल आत टाकायचा. ज्याचा रुमाल त्याची जागा, मग तो दारातली रेटारेटी संपल्यावर सावकाश आत आला तरी चालतं. धाराशिवच्या स्टँडवर नऊ वर्षं, दर रविवारी सकाळी, माझी जागा माझ्या मैत्रिणीच्या रुमालानं धरली. ती उंच, तिचा हात खिडकीपर्यंत जायचा. माझा कधी गेला नाही.

आम्ही दोघींनी एकाच शाळेत शिकवलं आणि एकाच वर्षी रिटायर झालो. सुनांच्या स्वयंपाकात तोंड घालत बसण्यापेक्षा येडशीचं जंगल बरं, हे तिनंच ठरवलं. कंडक्टरला सांगून रामलिंगच्या फाट्यावर उतरायचं, देवळापाशी वानरांना चुकवायचं आणि अभयारण्यातली पायवाट धरून टेकाडावरचा सपाट खडक गाठायचा. मध्ये चढाला ओबडधोबड दगडी पायऱ्या आहेत. त्या मी एका दमात चढायचे आणि वर बसून तिची वाट बघायचे. भाकरीची पिशवी तिच्या खांद्याला, त्यामुळं ती येईपर्यंत पोटात कावळे ओरडायचे आणि मी थोडी चिडायचेही. पण खडकावर पोचल्यावर आम्ही दोघीच. खाली पळसाची आणि धावड्याची झाडं, लांबून जाणारी लातूरची रेल्वे आणि मुख्याध्यापकांची निंदा. माझ्या आठवड्यातला तो एकच दिवस माझा होता.

गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी मी गाडीत चढले, तर माझ्या जागेवर एक बाई बसलेली. तिशीतली, पायात स्पोर्ट शूज. बँकेत बदली होऊन आलेली, मैत्रिणीच्या शेजारी भाड्यानं राहणारी.

"तू मागं बस गं," मैत्रीण म्हणाली. "हिला गाडी लागती, खिडकी लागती तिला."

मी मागं बसले. पुढच्या रविवारीही आणि त्याच्या पुढच्याही. पेंगणाऱ्या माणसाचं डोकं खांद्यावरून ढकलत मी त्या दोघींची डोकी बघायचे. ती सारखी एकमेकींकडं वळायची. मला हेवा वाटत होता. साठी उलटल्यावर हे सांगायची लाज वाटते, पण दुसरं काही वाटत नव्हतं.

जंगलात तर कहरच. नऊ वर्षं पाखरांची नावं मी सांगत आले. त्यातली निम्मी ठोकून दिलेली असायची, पण मैत्रीण मान डोलवायची. आता त्या बाईच्या मोबाइलला आवाज ऐकवला की तो नाव सांगायचा, आणि ते माझ्या नावाशी एकदाही जुळलं नाही. मैत्रीण पोट धरून हसली. मी तडक पुढं निघाले आणि वर जाऊन बसले. त्या दोघी हातात हात घालून, अर्ध्या तासानं आल्या. लई दिवसांच्या मैत्रिणी असल्यासारख्या.

मग मी एक काम केलं. एका शनिवारी संध्याकाळी त्या बाईला फोन करून सांगितलं, "उद्याचं रद्द झालंय. हिच्याकडं पाहुणे आलेत."

रविवारी रुमाल पडला आणि मी माझ्या जागेवर बसले. "ती आली न्हाई?" मैत्रिणीनं विचारलं. "काम निघालं असंल," मी म्हणाले. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी मात्र फाटा येईपर्यंत बोलत होते.

नेहमीप्रमाणं मी पुढं गेले. खडकावर बसले, पदरानं वारा घेतला, भाकरीची वाट बघितली. अर्धा तास झाला, पाऊण झाला. रेल्वेही निघून गेली. मग मात्र मी धडपडत खाली उतरले.

ती निम्म्या पायऱ्यांवर बसली होती. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, पिशवी मांडीवर, दोन्ही हात डाव्या गुडघ्यावर.

"पडलीस का?"

"न्हाई. इथनं पुढं जमंना झालंय. तू खाऊन घे."

"अगं, दर रविवारी तर येतीस."

"दर रविवारी ती असती की हाताला."

उतरताना मी पहिल्यांदाच तिच्या मागं चालले. ती डावा पाय खालच्या पायरीवर ठेवायची, मग उजवा त्याच पायरीवर आणायची, थांबायची, मग पुढची पायरी. नुकतं चालायला शिकलेलं लेकरू उतरतं तसं.

"कधीपासून गं हे?"

"दोन वर्षं झाली असतील."

"मला सांगितलं न्हाईस."

"सांगायला तू कुठं असायचीस? तू वर असायचीस."

फाट्यावर गाडीची वाट बघताना मला राहवलं नाही. "तिला म्याच येऊ नको म्हणून सांगितलं," मी म्हणाले.

"ठाव हाय. रात्रीच तिचा फोन आला, पाहुण्यांना दूध लागतंय का म्हणून."

"मग बोलली का न्हाईस?"

"म्हटलं, एकदा तुझ्यासंगं एकटीनं येऊन बघावं. जमतंय का." गाडी दिसली तशी ती गुडघ्यावर हात रोवून उठली. "न्हाई जमलं."

सोमवारी मी त्या बाईला फोन करून खोटं बोलल्याचं सांगितलं. "असू दे मॅडम," एवढंच ती म्हणाली. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी मी अर्धा तास आधी स्टँडवर गेले. टाचा उंचावल्या, दोनदा रुमाल फलाटावर पडला, तिसऱ्यांदा आत गेला. त्या दोघी आल्या, खिडकीशी ती बाई आणि शेजारी माझी मैत्रीण. मी मागं बसले. जळफळाट कमी झाला होता असं म्हणवत नाही. दोन्ही डोकी एकमेकींकडं वळली की अजूनही आत चरचरत होतं.

पायऱ्यांपाशी मी पुढं गेले नाही. त्या बाईनं मैत्रिणीचा उजवा हात धरला, डावा हात तिनं स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. तिसऱ्या माणसाला धरायला काही उरलं नव्हतं. तरी मी एक एक पायरी थांबत मागून चालले. मध्येच तिनं खांद्यावरची पिशवी काढली आणि वळून न बघता तशीच मागं धरली.

मी ती घेतली. भाकरी, दोघींपुरतं पाणी, बसायची सतरंजी, मला आवडतो म्हणून आणलेल्या ठेच्याचं काचेचं भांडं. चांगलीच जड होती. नऊ वर्षं ती तिनंच वर आणली होती.