सनोबर आणि अम्मीचा मसाला

सौदीतल्या खमीस मुशैतच्या वरच्या डोंगरात शुक्रवारी आम्ही चटई टाकून बसलो होतो. नवऱ्याने सनोबरची पुडी आणली होती. मी सांगितले होते चिलगोजे. दोन्ही पाइनच्याच बिया, पण चिलगोजा कोरड्या पहाडातल्या पाइनचा, लांबट आणि महाग. हे आखूड, पांढरट. कुरकुर करत का होईना, अर्धी पुडी मीच फस्त केली.

दोनेक दिवसांनी माशाचं सालन कडूजहर लागलं. चहाही कडू. चहाचं खापर मी टँकरच्या पाण्यावर फोडलं, पण सालनात अम्मीचा मसाला होता. हे जग सोडून जायच्या आधी तिने रत्नागिरीला भाजून, कुटून दिलेला. तसा आता कुणी करत नाही, आणि बरणीत तळाला थोडाच उरला होता. तो नासला की काय?

"अगो, सालना बरा झालाय," नवरा म्हणाला. हा करपलेल्या भातालाही बरा म्हणतो. मुलीला विचारलं.

"मम्मी, सेम नानीवाला टेस्ट है!"

माझं मन राखायचं दोघांनी ठरवलंय, असंच मला वाटलं. मग मसाला मटणात घालून पाहिला, कोळंबीत पाहिला, बटाट्यातही पाहिला. दोघं बोटं चाटत जेवायची आणि मी ताट सरकवायची. राग यायचा, पण कुणाचा ते कळेना. मी आजारी आहे, की अम्मीची शेवटची वस्तू माझ्या हातून खराब झाली? एकदा ओट्याशी उभी राहून रडलेसुद्धा.

शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतक्यात सनोबर खाल्ले होते का? मला वाटलं, थट्टा करताहेत. त्या म्हणाल्या, काही जातीचे सनोबर खाल्ले की एखाद्याचं तोंड असं कडू होतं, तेही एक-दोन दिवसांनी, आणि आपोआप बरं होतं. का होतं, ते त्यांनाही नीट सांगता येईना. जे झाड मी जन्मात पाहिलं नाही, त्याने माझ्या जिभेचं हे काय करून ठेवलं!

म्हणजे मसाला चांगला होता. जिवात जीव आला, आणि मग लक्षात आलं, तपासता तपासता मी तो संपवला होता.

पुढे चव परत आली. एकदा न राहवून मुलीला विचारलं, "नानीचा मसाला कसा लागत होता गं? नीट सांग."

तिला नवल वाटलं. "मम्मी, आपने भी तो खाया था."