मला धरा

गल्लीत अशी बोलवा होती की मामाला मिरवायची भारी हौस. सहल असो, कुणाचं सामान हलवायचं असो, मयताला खांदा द्यायचा असो, याचा हात आधी वर. "मला धरा!" कोपऱ्यावरचा न्हावी विचारायचा, "का हो, पळून चाललात की काय, धरायला?"

त्याच्या भाचीला तो घोगरा सूर हुबेहूब जमायचा. शाळेत बाईंनी 'काउंट मी इन'चा अर्थ विचारला, तेव्हा तिने मामाच्या आवाजात "मला धरा" म्हटलं. वर्ग खिदळला. बाई म्हणाल्या, "नक्कल पुरे. अर्थ मात्र बरोब्बर! यात मीही आहे, मलाही मोजा."

घरी तिने हे रंगवून सांगितलं. मामा हसला नाही.

तो धुलाई कारखान्यात, चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रोलरवर होता. बोटं आत जाऊ नयेत म्हणून रोलरपुढे एक आडवी दांडी असते. बारा वर्षांपूर्वी ती निखळली. दांडी बसेपर्यंत काम बंद ठेवा, असं सांगायला सगळे साहेबांकडे निघाले. मामा म्हणाला, "मला धरू नका." साहेब म्हणाले, "सगळे नाहीत ना? मग चालू द्या." तिसऱ्या दिवशी रोलरवरच्या मामाच्या जोडीदारणीची चार बोटं गेली.

"ती काय ओरडत होती, ठाऊक आहे?" मामा म्हणाला. "धरा, मला धरा."



परवा दांडी पुन्हा निखळली. मामाच्या निवृत्तीला आठ दिवस उरलेले. त्यानंतर दारावर बसायचं काम देतो, असं साहेबांनी कबूल केलेलं. आईने बजावलं, "दादा, या खेपेला तोंड मिटून बस."

"बसेलच तो," भाची म्हणाली. "लाव पैज, मामा! हरले तर महिनाभर नक्कल बंद."

"लागली."

दुसऱ्या दिवशी घरी विसरलेला डबा घेऊन ती कारखान्यात पोहोचली, तर सगळे साहेबांपुढे उभे. पहिला हात मामाचा.

"तुमचे आठच दिवस राहिलेत," साहेब म्हणाले. "तुम्हाला कशाला धरू?"

"आठ दिवस तरी धरा, साहेब."

रोलर बंद झाला. दारावरचं काम दुसऱ्याला मिळालं.

संध्याकाळी न्हाव्याने तिला हटकलं, "काय गं, आज मामाचा आवाज नाही?"

भाचीने ओठ घट्ट मिटून मान हलवली. पैजेच्या महिन्याचा हा पहिलाच दिवस होता.