मदिनाच्या डब्यातली मूठभर बरकत

लोणावळ्यात तुंगार्लीच्या चढावर एका बंगल्याच्या मागं निळ्या पाण्याचा हौद आहे. बंगल्याच्या मालकीण पायल मॅडम त्याला पूल म्हणतात, शनिवार-रविवारचे पाहुणे स्विमिंग पूल म्हणतात, आणि मदिना हौदच म्हणते. परंदवडीला तिच्या माहेरी पाणी असायचं ते विहिरीत नाहीतर हौदात. चौकोनात बांधलेल्या पाण्याला तिसरं नाव कशाला, असं तिचं साधं म्हणणं. मदिना आणि तिचा नवरा अब्दुल यांनी या हौदाच्या काठावर अर्धं आयुष्य काढलं. दोघांनाही पोहता येत नाही.

पण पाहुणे निघून गेले की हौद तिचाच असे. सोमवारी सकाळी धुकं दरीतून वर येई, भिंतीवरून आत उतरे आणि पाण्यावर निवांत बसून राही. मग काठ कुठं संपला आणि पाणी कुठं सुरू झालं ते कळत नसे. मदिना हातात खराटा घेऊन उभी राही आणि झाडायचं विसरून जाई. कधी तिला पाण्यात माहेरचा ओटा दिसे, कधी सासरी गेलेली लेक नूर लहान होऊन दिसे. ही बाई दिवसाढवळ्या स्वप्नं बघते असं शेजारच्या बंगल्याचा राखणदार कैलास म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तिला त्या पाण्याचं वेड होतं.

या सगळ्या स्वप्नांना एका शिट्टीची साथ असायची. ती अब्दुलची. उंच, काटकुळा अब्दुल लांब दांड्याच्या ब्रशनं हौदाच्या फरश्या घासायचा आणि घासता घासता शिट्टी वाजवायचा. गाणं कुठलं, ते त्यालाही सांगता येत नसे. मदिनाला मात्र त्या शिट्टीवरून सगळं कळे. तो कुठल्या कोपऱ्यात आहे, भूक लागलीय का, मनात काही सलतंय का. भाकरी करपली तर ती बिनदिक्कत शिट्टीवर खापर फोडायची. "तुमी वाजवाया लागला की माजं ध्यान ऱ्हातंय व्हय तव्यावर?"

मदिनाची एक सवय होती, आणि ती तिच्या आईची, आईच्या आईचीही होती. डबा कधी पुरता रिकामा करायचा नाही. तांदळाचा असो, पिठाचा असो, मिठाचा असो, तळाला मूठभर ठेवायचं आणि नवं त्यावर ओतायचं. डबा खडखडला की घराची बरकत जाते. आपल्याकडं हे कुणाला शिकवावं लागत नाही. हातच आपोआप थांबतो. मदिनाचाही थांबायचा. मोठ्या हलाखीच्या दिवसांतही तिच्या घरात तांदळाचा डबा वाजला नव्हता, आणि याचा तिला अभिमान होता.

हौदात टाकायच्या औषधाचाही एक डबा होता. निळ्या प्लास्टिकचा, झाकणाचा, पोटाशी धरावा एवढा. त्यात चुन्यासारखी पांढरी ब्लीचिंग पावडर असायची. परंदवडीच्या विहिरीत टाकायचे तीच, नाकात जाणारी, डोळ्यांना झोंबणारी. हा डबा पंपाच्या खोलीत असायचा. खोली जमिनीच्या पोटात होती, पायऱ्या उतरून खाली जायचं, आणि वारा तिथं कधी चुकूनही फिरकत नसे.

यंदा पावसाळा सरता सरता औषध पुरवणारा सुहास गावातून आला तो पावडरीऐवजी गोळ्या घेऊन. पेढ्याएवढ्या, पांढऱ्या, कडक. अब्दुलला आणि मागं उभ्या मदिनाला त्यानं दारातच बजावलं, "अब्दुलभाई, पावडर आणि गोळ्या म्हणजे सवती सवती. दोन्ही क्लोरीनच्याच, पण एका घरात नांदवाल तर घर जाळतील. पावडरचं माप गोळ्यांत घालायचं नाही, ओला हात लावायचा नाही. धूर दिसला तर पाणी ओतत बसू नका, चढाकडं पळा. तो गॅस जड असतो, खड्ड्यात जाऊन बसतो."

अब्दुलनं ते ऐकलं आणि मदिनाला सांगितलं, "डबा मोकळा कर, धू, चांगला वाळीव, मग गोळ्या भर."

आता मदिनानं काय केलं ते ऐका. तिनं पावडर प्लास्टिकच्या कोरड्या पिंपात काढली, पिंप लांबच्या रिकाम्या खोपट्यात नेऊन ठेवलं. इतकं सगळं नीट केलं. आणि डब्याच्या तळाशी पोचल्यावर तिचा हात थांबला.

त्या दिवसांत पायल मॅडम बंगला विकणार अशी कुणकुण होती. बंगला गेला की त्यांची मागची राहती खोली जाणार, खोली गेली की चूल जाणार, आणि या वयात दोघांनी कुणाचं दार वाजवायचं? रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. अशा वेळी या जागेतला एखादा डबा आपल्या हातानं रिकामा करायचा, म्हणजे अवदसेला आवतण देण्यासारखंच. मूठभरानं काय होतंय, असं म्हणून तिनं तळाची पावडर तशीच राहू दिली. पावसाळी दमटपणानं तिचे ओलसर गठ्ठे झाले होते. मदिनानं त्यावर गोळ्या ओतल्या, मनातल्या मनात दुवा मागितली आणि झाकण लावलं.

मग ती वर जांभळाखाली चादरी वाळत घालायला गेली. ऊन आणि धुकं यांचा लपंडाव चालला होता. खाली पंपाच्या खोलीत अब्दुल फिल्टर धूत होता, त्याची शिट्टी पायऱ्यांवरून वर येत होती. चादरी वाऱ्यानं फुगत होत्या. त्या पांढऱ्या कापडांमध्ये उभी राहून मदिना बंगला विकला गेलाच नाही असं स्वप्न बघत होती. नूर आलीय, नातवंडं हौदात पाय सोडून बसलीत, आणि मॅडम म्हणतायत, मदिना, तुम्ही इथंच राहा.

तेवढ्यात तिला दिसलं की पंपाच्या खोलीच्या दारात धुकं भरलंय. लोणावळ्यात धुकं घरात शिरतंच, त्याचं कुणाला नवल नाही. पण हे धुकं वर चढत नव्हतं. ते पायऱ्यांवर रेंगाळून परत खालीच उतरत होतं, आणि त्याचा रंग पिकल्या लिंबासारखा हिरवट-पिवळा होता. ती बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं की शिट्टी थांबलीय.

ती धावली. दारापाशी तो वास आला आणि तिचा घसा आवळला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. निळा डबा एका अंगाला वितळून बसला होता, आत चरचर आवाज येत होता, आणि पलीकडं अब्दुल भिंतीला धरून वाकला होता. तिनं बाहेरच्या नळाखालची भरलेली बादली उचलली. जळतंय त्यावर पाणी टाकायचं, हे सात पिढ्यांचं शहाणपण. अब्दुलला बोलता येत नव्हतं. त्यानं फक्त हात हलवला. नको. मदिनाला सुहासचे शब्द आठवले. तिनं त्या पाण्यात पदर बुडवला, नाकातोंडावर घट्ट धरला, बादली लांब भिरकावली आणि श्वास कोंडून पायऱ्या उतरली. शहाण्या माणसानं उतरू नये असंच सुहास आजही सांगतो. आत गेलेला दुसराही पडतो म्हणतो. पण तिथं सुहासची बायको नव्हती, अब्दुलची होती.

त्याला काखेत धरून तिनं वर ओढलं आणि थांबली नाही. उताराकडं रस्ता होता, माणसं होती, तरी ती चढाकडंच गेली, जांभळाच्याही वर, जिथं दरीचा वारा थेट तोंडावर येतो. तिथून तिनं हाक दिली. कैलास गाडी घेऊन तडक आला. "मदिनाभाबी, काय झालं?" त्यानं विचारलं. "म्या केलं, भाऊ," एवढंच ती खोकत म्हणाली.

दवाखान्यात अब्दुलच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. तिलाही काही वेळ लावला, आणि काढल्याबरोबर ती त्याच्या खाटेशी जाऊन बसली. तिची छाती जळत होती, पण मन त्याहून जास्त जळत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं मास्क बाजूला सारला तेव्हा तिनं आपली मूठ त्याच्यापुढं धरली.

"ही मूठ माजी हुती. तळाला ऱ्हाऊ दिली म्या. बरकतीपायी."

अब्दुलनं श्वास गोळा केला. "मला म्हाईत न्हाई व्हय तुजी मूठ?" तो म्हणाला. "म्याच झाकण उघडून बघाया पायजे हुतं." आणि त्यानं तिची बोटं एकेक करून उघडली. मदिना मग रडली, भर दवाखान्यात, पदर तोंडात न घालता.

बंगला काही विकला गेला नाही. कुणकुण होती ती कुणकुणच राहिली. सुहासनं औषध जमिनीवर, कोरड्या आणि वाऱ्याच्या जागी हलवायला लावलं. गोळ्या एका खोलीत, पावडर दुसऱ्या टोकाला, प्रत्येकीचं माप वेगळं. नवा डबा आला. वापरून संपला की मदिना सुहासनं सांगितल्याप्रमाणं तो धुते, उन्हात खडखडीत वाळवते आणि बोटानं वाजवून बघते. तो रिकामा वाजला की लगेच गोळ्या भरायला घेते. घरातल्या तांदळाच्या डब्यात मात्र मूठभर असतंच. तांदळावर कशाला राग काढायचा?

अब्दुल घरी आला. चालतो, जेवतो, हसतो. चढ मात्र त्याला चढवत नाही, आणि ओठांचा चंबू केला की नुसती हवा येते. हौद आता मदिना घासते. पहिले कितीतरी दिवस ती घासता घासता मागं वळून बघायची, कारण तो कुठं आहे हेच तिला कळायचं नाही. सोमवारचं धुकं पूर्वीसारखंच येई, पण त्यात काही दिसत नसे. तिला आयुष्यात एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं, आणि तो तर दहा पावलांवर पायरीवर शाल पांघरून बसलेला असायचा.

बाईमाणसानं शिट्टी वाजवू नये म्हणतात, घराला बरं नसतं. मदिनाच्या आईनं या कारणासाठी तिला लहानपणी चांगला चोप दिला होता. पण एका सोमवारी, धुकं पाण्यावर बसलेलं असताना, तिनं ब्रश थांबवला, ओठ ओले केले आणि फुंकलं. हवाच आली. पुन्हा फुंकलं. एक बारीक, कापरा सूर निघाला आणि हौदावरून पलीकडं गेला.

पायरीवर अब्दुलनं मान वर केली. भिंतीपलीकडं कैलासचा झाडू थांबला. मदिना लाजली, पण थांबली नाही. ते बिननावाचं गाणं तिला तोंडपाठ होतं. दुसऱ्या ओळीत ती चुकली.

अब्दुलनं एक बोट हळूच वर केलं. सूर अजून वर.

तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.