आधी धनी

इनासमामा कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसांशी बोलत नसत. "या मामा, बसा मामा" चाललेलं असो, कुणी पाट पुढं सरकवलेला असो. ते सरळ आल्तारापाशी जात. आल्तार म्हणजे काय, तर भिंतीतली एक फळी, तिच्यावर क्रूस आणि मेणबत्ती. तिथं गुडघे टेकून झाले की मगच वळून विचारत, "हां, काय शिजवलंय गो आज?" कुणी चेष्टा केली तर म्हणत, "आदी धनी, मंग बाकीची मानसं. ज्याचं घर हाय त्याला पयली सलामी नको?"

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे आमची पंचवीस-तीस ख्रिस्ती घरांची वाडी. मामा जाळी विणणारे. मोतीबिंदूनं डोळे गेले तरी बोटांनी विणत, गाठ म्हणून ढिली पडत नसे. ऑक्टोबरात रोज संध्याकाळी एकेका घरी मरियेची माळ, म्हणजे मण्यागणिक एक प्रार्थना, म्हणायची आमची रीत, आणि पुढं म्हणणारे मामाच. वाडीतला प्रत्येक उंबरठा त्यांच्या पायांना पाठ होता. आल्तार कुठं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे.

मी तेव्हा मुंबईला गोदीत होतो. स्वातंत्र्याला पंधराएक वर्षं झाली असतील, ऑक्टोबरच्या सुट्टीला घरी येताना वाडीतला पहिला रेडिओ मी आणला. काय मिजास माझी! दारातून शिरताच नजरेत भरावा म्हणून तो ठेवला आल्ताराच्या फळीवर. बायकोला सांगितलं, तार तिथपर्यंतच पोचते. साफ खोटं. मारी क्रूस हातात घेऊन उभी राहिली.

"अवो, याला कुटं ठेवू?"

मी बटणं फिरवत म्हणालो, "ठेव कुठंतरी."

माळ आमच्या घरी यायची त्या दिवशी ती पुन्हा म्हणाली, आजच्यापुरता तरी क्रूस जागेवर ठेवू या. मी म्हटलं, "अर्धी वाडी रेडिओ बघायलाच येतेय. आणि मामांना कुठं दिसतंय!" हे वाक्य मी माझ्या तोंडानं बोललो. आज लिहितानाही कान गरम होतात.

मामा आले, भिंतीला हात लावत नेहमीसारखे पुढं गेले आणि रेडिओसमोर गुडघे टेकले. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. तेव्हाच उठून त्यांचा हात धरायला हवा होता. मी धरला नाही. उलट ओठ दाबून हसू आवरत बसलो. मामांच्या मागं सगळी वाडी टेकली, मीही टेकलो. पन्नास वेळा 'नमो मरिये' म्हणून झालं. सगळ्यांची तोंडं माझ्या रेडिओकडे.

शेवटी क्रूसाचं चुंबन घ्यायला मामा उठले. चाचपताना बोटं बटणावर पडली. क्षणभर खरखर झाली आणि पेटी-तबल्यासकट सिनेमाचं गाणं सुरू झालं. मग काय, घर हसून हसून लोळलं.

मामांनी हात मागं घेतला. सगळे गप्प होईस्तोवर थांबले, मग हळूच म्हणाले, "पावलू, धनी कुटं हाय रं?"

मला खरंच ठाऊक नव्हतं! मारीनंच भाताच्या कणगीमागून क्रूस काढून त्यांच्या हातात दिला. मामांनी सदऱ्याच्या टोकानं त्यावरचा कोंडा पुसला.

"माजं डोलं गेलं म्हनून मी चुकलो," ते म्हणाले. "तुजं तर हायत ना रं?"

रेडिओ उचलला तो मारीनं. क्रूस फळीवर ठेवून मामा पुन्हा टेकले. "मगाची माल खोक्याला गेली. धन्याची ऱ्हायली हाय." आणि म्हाताऱ्यानं पहिल्या मण्यापासून सगळी माळ परत म्हटली. हसणारे एकेक करून मुकाट्यानं खाली बसले.

त्यानंतर मामा चार वर्षं जगले. दर ऑक्टोबरला आमच्याकडे आले, मारीच्या हातचं जेवले, माझ्याशी गप्पा मारल्या, रेडिओवरच्या बातम्याही खिडकीशी बसून ऐकल्या. झाल्या गोष्टीचा शब्द काढला नाही. मी एकदा माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "माज्याजवल कशाला? त्याच्याजवल माग."

बाकी सगळ्या घरांत ते शेवटपर्यंत आत शिरून सरळ गुडघे टेकत. माझ्या घरात मात्र आधी हात पुढं करून फळी चाचपत, आणि बोटांना क्रूस लागला की मगच खाली बसत.