मैनेची आई कोण?

"बाटल्या बदलल्या असतील तुमच्याकडून," साहेब म्हणाले.

"सर, तीनदा स्वतः उभी राहून दूध आणलं. रिझल्ट तोच येतो."

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. नागपूरजवळच्या एका डेअरी फार्मच्या लॅबमध्ये मी नवीन होते. काम असं: बटाट्याचा स्टार्च शिजवून त्याचं जेल, म्हणजे खळीची घट्ट वडीच, थापायची. तिच्यात फाडलेल्या दुधाचं पाणी भरून करंट द्यायचा. दुधातल्या एका प्रोटीनचे दोन प्रकार, ए आणि बी. ए पुढे पळतो, बी मागे राहतो. गाईला एक प्रकार आईकडून मिळतो, एक बापाकडून; दोन्ही सारखेही असू शकतात. कपिला गाईत नुसता बी होता. म्हणजे तिच्या लेकीत, मैनेत, बी हवाच. आणि मैनेत होता नुसता ए.

"रजिस्टर म्हणतं मैना कपिलेची. तुमचं जेल म्हणतं नाही. सोमवारपर्यंत उलगडा करा, नाहीतर हे काम बंद."

वर्षभर बोटं पोळवून शिकलेलं काम होतं ते. असा राग आला की डबा न उघडताच मी तडक गोठ्यात गेले. सुखदेवभाऊ कितीतरी वर्षं तिथे धारा काढत होते.

"भाऊ, मैना कपिलेचीच का?"

"नाही जी. कपिलेचं वासरू जन्मतानाच मेलं. वासराबिगर पान्हाच सोडून नाही राहिली होती. गौराले जुळ्या कालवडी झाल्या होत्या. त्यातली एक कपिलेच्या म्होरं सोडली. चाटलं तिनं, दूध देल्लं."

"मग रजिस्टरवाल्या बाबूंना काहून नाही सांगितलं?"

"ते आले तवा वासरू कपिलेपाशी होतं. त्यायनं लिहून घेतलं. मले कोण विचारते?"

हसू की रडू, मला कळेना. गौराचं आणि मैनेच्या जुळ्या बहिणीचं दूध घेऊन मी अक्षरशः धावत लॅब गाठली. करंट चालू असताना माझ्याच्यानं बसवत नव्हतं. जेल रंगवलं, धुतलं. गौरात नुसता ए. बहिणीतही नुसता ए. साहेबांना हाताला धरून आणायचं तेवढं बाकी ठेवलं.

ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग रजिस्टर मागवलं, कपिलेचं नाव खोडलं आणि गौरा लिहिलं.

"काम चालू ठेवा," ते म्हणाले. "आणि सगळा गोठा तपासा."

त्या दिवशी सदरमधल्या घरापर्यंत सायकल मी जवळजवळ उडवतच नेली. गोठा तपासला, तर आणखी तिघींच्या आया बदलल्या. पुढे रिटायर होईपर्यंत रिझल्ट जुळला नाही की मी केमिकल बदलायच्या आधी धार काढणाऱ्याला विचारत आले. केमिकल बरंच वाचलं.