उत्तरेश्वर सरांची सुतळी

उत्तरेश्वर सर उभ्यानं झोपू शकतात. बास्केटच्या खांबाला पाठ टेकवायची, शिट्टी ओठांत धरायची, डोळे मिटायचे. पण कुणी पाय ओढत पळाली, की डोळे न उघडताच शिट्टी वाजते आणि मागून आवाज येतो, "काय करायलीस माय? फरशी पुसायलीस का?"

सर खडकीच्या कारखान्यात मापं तपासतात. सकाळी सातला आत, साडेतीनला बाहेर आणि साडेचारला लूनावरून आमच्या कॉलेजात, मुलींना बास्केटबॉल शिकवायला. मूळचे कळंबकडचे. बावीस वर्षं पुण्यात काढली, पण जीभ काही गाव सोडून आली नाही. त्यांचा मुलगा कॉल सेंटरला आहे. तो झोपायला घरी येतो तेव्हा सर कामाला निघतात, त्यामुळे बापलेकांची भेट जिन्यात होते.

"झाली का ड्यूटी?"

"झाली. तुमची?"

"निघालो."

हे सांगताना सर दोन्ही आवाज काढतात आणि दोन्ही सारखेच दमलेले असतात.

२००४ सालच्या जुलैत आमची टीम म्हणजे सात जणी होत्या. आदल्या वर्षीच्या चांगल्या चौघींपैकी तिघी कंपन्यांत लागल्या होत्या, चौथीचं लग्न झालं होतं. उरलेल्या सातांत मी पहिल्या वर्षाची, बॉल आपटत नेताना त्याच्याकडेच बघत चालणारी. कॅप्टन ऋतुजा हिंजवडीची. तिच्या घरच्या शेतात आता काचेची इमारत उभी आहे. ती रोज उशिरा यायची आणि धापा टाकत सांगायची, "सर, ट्रॅफिक हाय ओ. आमच्याच वावरात आमी अर्धा तास अडकलो."

"म्हणजे घरातच होतीस," सृष्टी म्हणायची. सृष्टी सदाशिव पेठेतली. ती 'ऑल द बेस्ट' म्हणाली तरी माणूस विचारात पडतो.

त्याच आठवड्यात प्राचार्यांनी सरांना आणि ऋतुजाला बोलावलं. मी बॉलच्या पंपासाठी कपाटाची चावी मागायला गेले होते, म्हणून दारातच उभी होते. प्राचार्य प्रत्येक वाक्याआधी 'बघा' म्हणतात आणि स्वतः खिडकीबाहेर बघतात.

"बघा, मुलींच्या स्कूटी किती वाढल्यात. बघा, मोकळी जागा ही एकच. चार वर्षं आंतरकॉलेज स्पर्धेत तुम्ही पहिल्याच फेरीत बाहेर. यंदा पहिली फेरी पार करा. नाहीतर त्या कोर्टावर पार्किंग होईल."

सर "बरं" म्हणाले. बाहेर येऊन ते कोर्टाच्या कडेला बराच वेळ बसले. हे कोर्ट झालं तेव्हा सिमेंटवर एकवीस दिवस पाणी त्यांनीच मारलं होतं, असं जिमखान्याचे शिपाई सीतारामकाका सांगतात.

सीझनच्या सुरुवातीला कोर्टाच्या रेघा रंगवायच्या त्या सरांनीच, दुसऱ्या कुणी नाही. त्यांच्याकडे एक जुनी सुतळी आहे. तिला ठरावीक अंतरावर लाल चिंध्या बांधलेल्या. एका चिंधीपर्यंत ताणली की बास्केटमागच्या कडेच्या रेघेपासून फ्री थ्रोची रेघ किती लांब हवी ते मिळतं, पाच मीटर ऐंशी. फाऊल झाला की त्या रेघेवर उभं राहून एकटीनं बास्केट मारायची, मध्ये कुणी येत नाही.

"तुम्हाला उंची नाही, पळणं तर नाहीच," सर म्हणाले. "पण फ्री थ्रोला उंची लागत नाही माय. हात लागतो. रोज शंभर."

सर त्या आठवड्यात दिवसाची आणि रात्रीची अशा दोन-दोन पाळ्या करत होते. तशाच तारवटलेल्या डोळ्यांनी त्यांनी एका रविवारी वाकून वाकून दोन्हीकडच्या रेघा पिवळ्या केल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही रोज शंभर मारू लागलो. हात भरून यायचे. जेवताना घास जड वाटायचा. ऑगस्ट संपेपर्यंत मात्र ऋतुजा दहातले आठ घालायला लागली, सृष्टी सात आणि मीसुद्धा पाच.

"पाच म्हणजे पास," सृष्टी मला म्हणाली. "तुझ्या मानानं बोर्डात आलीस."

मग डेक्कनकडच्या एका कॉलेजनं आम्हाला मैत्रीच्या सामन्याला बोलावलं. तिथं फ्री थ्रो मिळाले सतरा, आत गेले तीन. प्रत्येक बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत यायचा, एकसारखा, जणू ठरवून. तिथल्या मुली आधी हसल्या आणि नंतर बिचाऱ्या हसायच्याही थांबल्या. परतताना पीएमटीच्या बसमध्ये आम्ही सगळ्या खिडक्यांना डोकी टेकवून बसलो आणि सर दांड्याला धरून डोळे उघडे ठेवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते बोहरी आळीतून स्टीलची नवी टेप घेऊन आले. एक टोक ऋतुजाला धरायला लावलं आणि दुसऱ्या टोकाशी उकिडवे बसले. बसले ते उठेनातच.

"किती हाय सर?" ऋतुजानं विचारलं.

"पाच बावन्न."

अठ्ठावीस सेंटीमीटर कमी. सरांनी खिशातून सुतळी काढली. मधोमध एक भलीमोठी दुहेरी गाठ होती. जुलैत पहिलीच रेघ आखताना सुतळी तुटली होती. त्यांनी दोन्ही टोकं एकमेकांवर घेऊन घट्ट बांधली आणि पुढं रंगवत गेले. गाठीत किती सुतळी गेली ते धरायचं राहून गेलं. सहा आठवडे आम्ही चुकीच्या रेघेवरून हात पक्का करत होतो.

मग सृष्टी बोललीच. "सर, तुमच्या कारखान्यात हे चाललं असतं?"

"नाही," सर म्हणाले. "केसाएवढा फरक असला तरी मी माल परत पाठवतो."

ते टेप गुंडाळायला लागले. "मॅच नऊ दिवसांवर आलीय. मी प्राचार्यांना सांगतो, चूक माझी आहे. कुणीतरी दुसरा माणूस बघा. मला आता होईना झालंय."

सृष्टीची मान खाली गेली. तिला मी त्याआधी कधी मान खाली घातलेली पाहिली नव्हती.

"दुसरा माणूस नऊ दिसांत कुठनं आणायचा?" ऋतुजा म्हणाली. "टेप द्या हिकडं. सीतारामकाका, रंग उरलाय का?"

रंग तळाशी चार बोटं उरला होता. तो एकाच बाजूला पुरला. सृष्टी तारेचा ब्रश घेऊन बसली आणि जुनी रेघ घासून काढली. सरांनी टेप तीनदा लावली. तिन्ही वेळा आकडा मोठ्यानं वाचला आणि आम्हाला प्रत्येकीला वाचायला लावला.

नऊ दिवस आम्ही त्या एकाच बास्केटवर, रोज दोनशे मारले. पहिले तीन दिवस सगळे रिंगच्या अलीकडेच पडायचे. हाताला जुनंच अंतर पाठ झालं होतं आणि ते विसरायला शिकण्यापेक्षा जास्त कष्ट पडले. सर खांबाला टेकत, पण झोपत नसत.

पहिल्या फेरीत आम्ही चार गुणांनी जिंकलो. फ्री थ्रो सोळातले अकरा. कुणी नाचलं नाही, तेवढं त्राण नव्हतं. ऋतुजा बाकावर आडवी झाली आणि म्हणाली, "सर, अकरा." सर म्हणाले, "मोजले मी." दुसऱ्या फेरीत तीस गुणांनी हरलो, ते अपेक्षितच होतं.

प्राचार्यांनी शब्द पाळला, पण त्यांच्या पद्धतीनं. "बघा, तुम्ही फेरी पार केलीत. बघा, स्कूटीही कमी झालेल्या नाहीत. तर अर्धं कोर्ट तुमचं, अर्धं पार्किंगचं."

"कुठलं अर्धं?" सरांनी लगेच विचारलं.

"तुम्ही सांगा."

सरांनी नव्या रेघेची बाजू सांगितली.

आता पलीकडच्या बास्केटखाली स्कूटी लागतात. सीतारामकाका त्यांची पुढची चाकं तिथल्या पिवळ्या रेघेवर नीट ओळीत आणून ठेवतात. सर रोज साडेचारला येतात, लूना लावतात आणि खांबाला टेकण्याआधी न चुकता सांगतात, "सीताराम, ती रेघ चुकीची आहे. तिच्या मापानं काही लावू नका."

"गाड्यांना काय फरक पडतो सर?"

"मला पडतो," म्हणतात आणि डोळे मिटतात.